मोजून काढलेली उत्तरं

माझं डावं टोक उजव्या टोकापेक्षा अर्ध्या मिलिमीटरनं आखूड आहे. नुसतं पाहून ते कळत नाही. मला सपाट काचेवर उभं केलं आणि आपला डोळा काचेच्या पातळीवर आणला, तरच मी किंचित डावीकडे कललेला दिसतो. माझ्या कामात त्यामुळे काही चूक होत नाही. दोन टोकांमधलं अंतर उचलायचं आणि तेवढंच्या तेवढं दुसरीकडे नेऊन ठेवायचं, एवढंच माझं काम. एक पाय थोडा आखूड असला तरी टोकांमधलं अंतर बदलत नाही.

मित्रांनो, मी एक जुना कर्कटक आहे. तुमच्या कंपासपेटीत माझा एक धाकटा भाऊ असतो. तो दिसतो कंपाससारखाच, पण त्याला पेन्सिल लावायची जागा नसते; दोन्ही पाय टोकदार. त्याचा उपयोग काय, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. म्हणून तुम्ही त्यानं बाकावर नावं कोरता, खोडरबराला भोकं पाडता, नाहीतर पुढच्या बाकावरच्याला टोचता. मी त्याच्यापेक्षा मोठा आणि पोलादी आहे. माझ्या डोक्यावर गोल स्प्रिंग आहे. दोन पायांच्या मध्ये एक आडवा स्क्रू आहे आणि त्यावरची छोटी चाकी फिरवली की माझे पाय केसाकेसानं उघडतात. मोजपट्टीसारखे किंवा कोनमापकासारखे आकडे मात्र माझ्या अंगावर नाहीत. एकही नाही.

मला विकत घेतलं ते हनुमंतभाऊंनी. ते तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावचे. तेव्हा ते आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकत होते आणि मी तेलकट कागदात गुंडाळलेला, नवा कोरा होतो. आधी पिंपरीला आणि नंतर त्यांच्या गावाशेजारी औद्योगिक वसाहत आली तेव्हा तिथल्या एका कारखान्यात, असे आम्ही दोघं जवळजवळ चाळीस वर्षं कामाला गेलो. काम मार्किंगचं. पत्र्याला निळा रंग फासायचा, तो वाळला की ड्रॉइंगवरचं अंतर माझ्या पायांत धरायचं आणि पत्र्यावर ओरखडा काढायचा. जिथं ओरखडा, तिथं पत्रा कापला जाई. हनुमंतभाऊंचा हात हलत नसे. नवे कामगार त्यांच्यामागे उभे राहून बघत आणि साहेब लोक पाहुण्यांना मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी आणत. तेव्हा माझंही नाव निघे. हा जपानी आहे का, असं एकानं विचारलं होतं. हनुमंतभाऊ म्हणाले होते, की हा लुधियान्याचा आहे आणि मी उंबऱ्याचा.

मग कारखान्यात संगणकावर चालणारं कापायचं यंत्र आलं. त्याला निळा रंग लागत नव्हता आणि ओरखडाही लागत नव्हता. मी टेबलाच्या खणात गेलो. तिथं चार गंजलेले वॉशर, सुकलेली चिकटपट्टी आणि एक तुटकी पेन्सिल होती. तीन वर्षं मी त्यांच्या सोबतीनं काढली. माझ्या स्क्रूवर तेल सुकून त्याचा डिंक झाला. याबद्दल माझी तक्रार नाही. ते यंत्र माझ्यापेक्षा अचूक होतं, हे मला मान्य आहे.

हनुमंतभाऊ निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी खण रिकामा केला. जवळच बहिरू झाडू मारत होता. तो कंत्राटी कामगार. यंत्राखाली पडलेला लोखंडाचा बुरा गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. तो राहायचा लोणावळ्याला वलवण धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत. तिथून पायी स्टेशनवर, मग लोकलनं तळेगाव, मग कंपनीची बस. बहिरूला एकच मुलगी, करिष्मा. ती शाळेत चित्रं लय बेस काढते, असं तो कुणालाही सांगायचा. हनुमंतभाऊंनी मला डिझेलमध्ये बुडवून, पुसून त्याच्या हातात ठेवलं आणि पोरीला दे म्हणाले.

पुढच्या रविवारी बापलेक आभार मानायला उंबऱ्याला गेले. हनुमंतभाऊंनी अंगणात पुठ्ठा अंथरला आणि करिष्माला मला धरायचं कसं ते दाखवलं.

"आकड्याच्या नादी आधी लागू नको," ते म्हणाले. "आधी अंतर उचल, मग ठेव. हात हलला न्हाई पायजे."

तिचा हात पहिल्याच वेळी हलला नाही. हनुमंतभाऊंनी बहिरूकडे पाहून नुसती मान डोलावली, आणि बहिरूचा चेहरा असा झाला की जणू त्यालाच कुणी कामावर कायम केलं.

मित्रांनो, आता जे सांगतो ते करिष्माच्या गणिताबद्दल आहे. त्यात माझा वाटा मोठा आहे.

करिष्मा लोणावळ्यातल्या शाळेत आठवीत शिकत होती. पाचवी आणि अर्धी सहावी तिची घरीच झाली होती, कारण तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या. धडे मोबाईलवर येत. वाडीत रेंज फक्त आंब्याच्या झाडाखाली मिळे आणि मोबाईल बहिरूबरोबर कामावर जाई. न कळलेल्या संख्येला अक्षराचं नाव द्यायचं आणि ती संख्या आपल्याला माहीत आहे असं समजून पुढे जायचं, हे बाकीची मुलं त्या वर्षी शिकली. करिष्मा ते शिकली नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिची उत्तरं बरोबर येत होती.

ती कशी येत, ते मला माहीत आहे. समजा, झाडापासून वीस मीटरवर उभं राहून शेंड्याकडे पाहिलं की अमुक अंशांचा कोन होतो, तर झाड किती उंच? बाकीची मुलं सूत्र लिहीत. करिष्मा कच्च्या वहीत वीस मीटरची दहा सेंटिमीटर रेघ काढी, कोनमापकानं कोन आखी, रेघा जुळवी, मग मला उघडून झाडाची उंची उचली आणि मोजपट्टीवर ठेवी. तिची पेन्सिल इतकी बारीक असे आणि हात इतका स्थिर, की उत्तर पहिल्या दशांशापर्यंत बरोबर येई. ज्याचं चित्र निघत नसे अशा गणितात ती दिलेले चारही पर्याय एकेक करून घालून पाही. जो जुळेल तो खरा. तिनं कधी कुणाच्या वहीत पाहिलं नाही.

आठवीच्या शेवटी शाळेनं एक चाचणी घेतली. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. त्यातून तीस मुलांची प्रगत तुकडी निघणार होती. नववी आणि दहावीचं गणित दिवाळीपर्यंत संपवायचं आणि नंतर थेट अकरावीचं सुरू करायचं, अशी ती तुकडी. मुलं तिला फास्ट बॅच म्हणत. चाचणीत करिष्माचा सातवा नंबर आला.

वाडीतून अशा तुकडीत कुणी कधी गेलं नव्हतं. बहिरूनं निकालाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर खिशात बाळगला. लोकलमध्ये समोर बसलेल्या माणसाला तो दाखवता दाखवता एक दिवस तळेगाव निघून गेलं आणि त्याला घोरावाडीला उतरून उलट यावं लागलं. कामावर खाडा पडला. घरी येऊन हे त्यानं इतक्या आनंदानं सांगितलं की करिष्माच्या आईला, पुतळाबाईला, रागवायचं सुचलंच नाही.

फास्ट बॅचला ज्योत्स्ना मॅडम शिकवत. त्या चांगल्या शिक्षिका होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटणार नाही. त्यांना फार थोड्या दिवसांत फार शिकवायचं होतं. त्या फळ्याच्या एका टोकाला सुरुवात करत आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं पुसायला घेत. मधल्या पायऱ्या आल्या की म्हणत, हे तर तुम्हाला येतंच. तीस माना हलत. त्यातली एक करिष्माची असे.

तास संपायच्या आधी पाच प्रश्न. त्यांची नुसती उत्तरं एका चिठ्ठीवर लिहून द्यायची. पायऱ्या नाहीत, कारण तपासायला वेळ नाही. जुलै आणि ऑगस्टमध्ये भूमिती होती. करिष्माच्या चिठ्ठीवर पाचपैकी चार बरोबर असत, कधी पाचही. मी त्या दोन महिन्यांत जितकं काम केलं तितकं कारखान्यातही केलं नसेल.

तिच्या शेजारी समर्थ बसायचा. त्याच्या वडिलांचं चिक्कीचं दुकान होतं आणि त्याला सगळ्या गोष्टींची थट्टा करायची सवय होती. मला पाहून त्यानं करिष्माचं नाव मोजणी ठेवलं.

"मोजणीबाई," तो सकाळी म्हणायचा, "आमचा बांध कधी सरकवताय? शेजारी फार पुढे आलाय."

ती हसायची. चिठ्ठीची वेळ आली की तोच समर्थ हळूच तिच्या वहीत डोकावे आणि तिचं चित्र पाहून आपलं उत्तर बदली.

सप्टेंबरमध्ये अक्षरं सुरू झाली. एका वर्तुळाची त्रिज्या r आहे, त्यात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची बाजू किती, असा प्रश्न चिठ्ठीसाठी आला. करिष्मानं माझ्याकडे पाहिलं, मग r कडे. r किती उघडायचा, हे मलाही कळेना. तिनं पाच सेंटिमीटर धरले, कंपासनं वर्तुळ काढलं, त्रिकोण काढला, बाजू उचलली आणि लिहिलं, आठ पूर्णांक सात.

मॅडमनी त्या दिवशी चिठ्ठ्या वर्गातच वाचल्या.

"करिष्मा, आठ पूर्णांक सात काय? r कुठं गेला?"

"मॅडम, त्याची मोजणी झाली," समर्थ म्हणाला, आणि वर्ग हसला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला वाक्य सुचलं, त्यानं बोलून टाकलं.

करिष्मा उभी राहिली. तिचा हात बाकाखाली माझ्यावर घट्ट आवळला होता. मला वाटलं, आता ती सांगेल. ती म्हणाली, घाईत लिहिलं, मॅडम. मॅडम बरं म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

त्या संध्याकाळी वाडीकडे चढताना तिनं मनाशी काहीतरी ठरवलं. ते मला कळलं, कारण ती एकच वाक्य पुटपुटत होती. तिला ब तुकडीत जायचं होतं, म्हणजे नेहमीच्या वर्गात, जिथं नववीला नववीचंच गणित होतं. दुसऱ्या दिवशी ती शिक्षकांच्या खोलीपर्यंत गेली. मॅडम फोनवर होत्या. ती परत आली. मग सहामाही परीक्षा आली, मग दिवाळी आली. दिवाळीत बहिरूचा एक मेव्हणा कर्जतच्या बाजूनं आला होता. त्याला बहिरूनं सांगितलं, की पोरगी आत्ताच अकरावीचं शिकतीया. ते ऐकून करिष्मा पाणी आणायला निघून गेली. हंडा भरलेला होता, तरी.

ती जेवायची कमी झाली. चाचणीच्या दिवशी सकाळी तर भाकरीला हातच लावत नसे. पुतळाबाई विचारायची, पोटात दुखतंय का. ती व्हय म्हणायची. मग तिला ओवा मिळायचा.

अभ्यास ती करत नव्हती असं नाही. शाळेतून आल्यावर ती फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं पुन्हा वाचत बसे. एका ओळीतून दुसरी ओळ कशी आली हे दोन ओळींच्या मध्ये कुठेच लिहिलेलं नसे. ती बोट ठेवून थांबे. पुढे जाई. परत मागे येई. मी शेजारी पडलेला असे. तिथं उचलण्यासारखं अंतर नव्हतं.

डिसेंबरमध्ये एक लेखी चाचणी झाली. त्यात त्रिकोणमितीतली दोन पदं एकमेकांशी समान आहेत, हे सिद्ध करायचं होतं. करिष्मानं तीस अंशांचा एक त्रिकोण काढला, चाळीसचा एक आणि पासष्टचा एक. तिन्हींमध्ये तिनं मला घेऊन सगळ्या बाजू मोजल्या, भागाकार केले आणि दोन्ही पदांच्या किमती शेजारी शेजारी मांडल्या. पासष्ट अंशांना एक किंमत आली ५.६० आणि दुसरी ५.५८. तिनं खाली लिहिलं, तिन्ही वेळा जवळजवळ समान, म्हणून सिद्ध.

पेपर परत मिळाला तेव्हा त्या प्रश्नाला शून्य होतं आणि लाल शाईत लिहिलं होतं: हे पडताळून पाहणं झालं, सिद्धता नव्हे. पायऱ्या?

तिनं पेपर घाईनं वहीत दडपला. त्या धक्क्यानं मी बाकावरून घरंगळलो आणि फरशीवर पडलो. डाव्या टोकावर.

मधल्या सुट्टीत मॅडमनी तिला बोलावलं. मी तिच्या खिशात होतो, त्यामुळे मी सगळं ऐकलं. मॅडम रागावल्या नाहीत. उलट समजावणीच्या सुरात म्हणाल्या, की हुशार मुलांना पायऱ्या लिहायचा कंटाळा असतो, त्यांच्याही मुलाला आहे. उत्तर डोक्यात आधीच तयार असतं, मग हाताला कंटाळा येतो. पण बोर्डात पायऱ्यांना गुण असतात.

"तुझंही तसंच होतंय ना?" त्यांनी विचारलं.

मित्रांनो, नाही म्हणण्याची याहून चांगली वेळ नव्हती. पण समोरचा माणूस आपली चूक आपल्या हुशारीत जमा करत असला, की नाही म्हणणं जड जातं. करिष्मा म्हणाली, हो, मॅडम.

त्याच महिन्यात पुण्याच्या एका संस्थेची परीक्षा झाली. डोंगरातल्या वाड्यांमधल्या मुलींसाठी दोन वर्षांची निवासी तुकडी, राहणं, जेवण आणि शिकवणी सगळं मोफत. प्रत्येक शाळेतून एकच मुलगी. पुन्हा पन्नास प्रश्न, पुन्हा चार पर्याय. माझं टोक वाकलं होतं, तरी तिनं मला जपून वापरलं. शाळेतून पहिली करिष्मा आली. दुसरी आली ती पाच गुणांनी मागे होती आणि तिनं सगळी गणितं पायऱ्यांनी सोडवली होती. परीक्षा संपल्यावर त्या मुलीनं आपली कच्ची वही करिष्माला दाखवली होती. पानभर अक्षरं, आणि शेवटी उत्तर.

जानेवारीत एका रविवारी ती बहिरूबरोबर माझं टोक नीट करून घ्यायला उंबऱ्याला गेली. बहिरू ओट्यावर हनुमंतभाऊंच्या शेजाऱ्यांना पुण्याच्या संस्थेबद्दल सांगत बसला. आत हनुमंतभाऊंनी तेलाच्या दगडावर मला घासायला घेतलं. वाकलेलं टोक झिजवून पुन्हा अणकुचीदार केलं. त्यात अर्धा मिलिमीटर गेला. मग त्यांनी टोक तपासायला म्हणून तिची कच्ची वही मागितली आणि ती चाळता चाळता त्यांचा हात थांबला.

"ही समदी उत्तरं आखून काढलीस?"

"व्हय."

"आन् कागदाबिगर किती जमतं?"

करिष्मा तेलाच्या दगडावरचा बुरा बोटानं गोळा करू लागली. हनुमंतभाऊंनी वही मिटली आणि तिच्याकडे न बघता ते मला फडक्यानं पुसत राहिले.

"मी चाळीस वर्षं हेच केलं," ते म्हणाले. "साहेब ड्रॉइंग द्यायचा, मी पत्र्यावर उतरवायचो. रेघ कुटं हलली न्हाई. पन एकदा साहेबानं ड्रॉइंगच चुकीचं दिलं. मी चुकीचं उतरवलं, लय झ्याक उतरवलं. आठ पत्रे भंगारात गेले. साहेब म्हनला, तुमाला दिसलं न्हाई का? कसं दिसंल? ते अंतर तितकं का, हे मला कुनी सांगितलंच नव्हतं. आन् मीबी इचारलं न्हाई. सगळे झ्याक झ्याक म्हनत हुते ना."

त्यांनी मला तिच्या हातात दिलं. म्हणाले, ह्यो हाताला शिकवतो, पोरी, डोक्याचं तुझं तू बघ.

मला वाईट वाटलं. पण त्यात खोटं काही नव्हतं. मी तिला फसवलं नव्हतं आणि तिनंही कुणाला फसवलं नव्हतं. तरी आम्हा दोघांनी मिळून एक अशी गोष्ट उभी केली होती, जिच्या आत काही नव्हतं. पुण्यात पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ते उघडं पडलं असतं, आणि तेव्हा ती घरापासून लांब, एकटी असती.

परत येताना लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कान्ह्याच्या पुढे गाडी थोडी रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, आबा. बहिरू म्हणाला, काय गं? ती म्हणाली, काय न्हाई. मळवली आलं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक विनंती आहे आणि ती मी इथंच सांगून टाकतो. माझ्या धाकट्या भावाची टोकं बुचात खोचून ठेवा, स्क्रूला महिन्यातून एक थेंब तेल द्या, आणि त्यानं बाक कोरू नका. त्याला काम द्या. पण तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाकडेही कधीतरी पाहा. तो मान हलवतो म्हणजे त्याला कळलंच असं नसतं. त्याचं उत्तर बरोबर आलं, तरी ते कसं आलं हे त्याला विचारा. हसून नको, खरंच जाणून घ्यायला म्हणून विचारा. आणि ते मूल तुम्हीच असाल, तर थांबू नका. मी तीन वर्षं खणात पडून होतो. माझ्या स्क्रूवर डिंक चढला तो एका दिवसात नाही. न बोललेल्या वाक्याचंही तसंच होत असावं. रोज ते थोडं जास्त घट्ट होतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी बहिरूला शाळेत बोलावलं होतं. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली. लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला. आदल्या दिवशी त्यानं वहीच्या मागच्या पानावर आपली सही सात वेळा करून पाहिली होती. तो सही सावकाश करायचा, एकेक अक्षर चित्रासारखं.

शिक्षकांच्या खोलीत ज्योत्स्ना मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही, मग मॅडमही उभ्या राहिल्या, तेव्हा तो घाईनं बसला. मॅडमनी पुण्याच्या संस्थेचा अर्ज त्याच्यासमोर ठेवला आणि एकेक कलम वाचून सांगितलं. दोन वर्षं तिथंच राहायचं. मधेच सोडता येणार नाही. आज सही झाली की नाव पक्कं. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. तुमच्या मुलीनं शाळेचं नाव काढलं, असंही त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं.

बहिरूनं विचारलं, तितं हिला दूध मिळंल का. मॅडम म्हणाल्या, मिळेल.

"मग झालं," बहिरू म्हणाला. "हितं वाडीत राहून तिचं काय हुनार हाये?"

मॅडमनी पेन उघडून त्याला दिलं आणि सहीची चौकट बोटानं दाखवली. करिष्मा त्याच्या खुर्चीमागे उभी होती. मी तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात होतो. तिचा हात आत आला, मला शोधलं, आणि मला न उचलताच बाहेर गेला.

बहिरूनं पेन टेकवलं. 'ब' ची उभी रेघ काढली.

करिष्मानं पुढे होऊन त्याच्या मनगटावर हात ठेवला. पेन थांबलं. मॅडमनी वर पाहिलं. बहिरूनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, काही बिघडलं का असं. शाळेच्या त्या खोलीत, मॅडमच्या समोर, ती घरच्या बोलीतच बोलली.

"आबा, सई करू नगा. माजी उत्तरं बरोबर येत्यात, पन ती मी चित्रं काढून मोजती, मला गणित येत न्हाई. मी पुण्याला जानार न्हाई. सोमवारपासनं मी ब तुकडीत बसनार हाये, आन् सहावीचं पुस्तक पयल्या पानापासनं शिकनार हाये."